कपाटावरचा हिरवा दिवा

१

गुरुवारी सकाळी आमच्या दिवाणखान्यात राउटर मेला. जळक्या प्लास्टिकचा वास आला, वरचे दिवे एकदा लुकलुकले आणि संपलं. माझी भाची युदेल्का कानाला हेडफोन लावून कुणा अमेरिकन बाईला तिचं हरवलेलं पार्सल कुठे असेल ते समजावत होती. तिचं वाक्य अर्ध्यातच तुटलं.

राउटर म्हातारा होता, त्याच्या मरणात काही काळंबेरं नव्हतं. काळंबेरं सुरू झालं ते नंतर. दुपारी रफेलीन नवा राउटर घेऊन आला. कोपऱ्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने राउटर जोडला, सगळे दिवे लागले, फक्त इंटरनेटचा दिवा लालच राहिला. मॉडेम मात्र हिरवागार. तो माझ्या बहिणीच्या, फिलोच्या, खोलीत कपाटावर असतो, कारण रस्त्यावरची केबल तिथूनच घरात शिरते. म्हणजे इंटरनेट रस्त्यावरून घरात येत होतं, कपाटावर पोचत होतं, आणि तिथून एका वायरीने दिवाणखान्यात येईपर्यंत गायब होत होतं. रफेलीनने वायर तपासली. शुक्रवारी दुसरा राउटर आणला. शेवटी वायर थेट युदेल्काच्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. ढिम्म.

शुक्रवारी संध्याकाळी युदेल्काच्या साहेबिणीचा फोन आला. बाई प्रेमळ होती, पण नियम नियमच. सोमवारी सकाळपर्यंत घरून काम सुरू झालं नाही, तर राजधानीतल्या ऑफिसात येऊन बसायचं, आणि तेही कायमचं.

मी टुलिओ. सगळं आयुष्य बानी गावातल्या लोकांची डोकी भादरली, आता हात थरथरतात म्हणून वस्तरा ठेवून दिलाय. फिलोचं कमरेचं हाड मोडल्यापासून तिला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर युदेल्काच उचलून ठेवते. राजधानीत खोली घेऊन राहायचं म्हणजे ती रविवारी येणार आणि रविवारीच जाणार. माझ्या या हातांच्या भरवशावर फिलोला कुणी सोडणार नाही. मीसुद्धा नाही सोडणार.

"मला मठातल्या बायकांच्या वृद्धाश्रमात नेऊन टाका," फिलो शांतपणे म्हणाली. "तिथे जेवण बरं असतं म्हणे."

युदेल्का स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी घासायला लागली. मला ते आवाज ऐकवेनात. शनिवारी उजाडताच मी एर्सिलियाचं दार वाजवलं.

२

एर्सिलिया मातोस मोटारींच्या विम्याच्या कंपनीत होती. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, मालकाची कहाणी ऐकायची, आणि गाडी आणि कहाणी यांचं जमतंय का ते ठरवायचं, हे तिचं काम. निवृत्त झाल्यावर ती माझ्याशी डॉमिनो खेळते आणि बहुतेक वेळा मला हरवते.

"राउटर कशाशी खातात ते मला ठाऊक नाही," ती चपला घालता घालता म्हणाली.

"माहीत असलेला माणूस दोन दिवस घरात ठाण मांडून बसलाय. त्याचा काय उपयोग झाला?"

"संशय कुणावर आहे तुझा?"

माझ्याकडे संशयितांची कमी नव्हती. रफेलीन, कारण तो कुठून काय उचलून विकतो ते देवालाच माहीत. केबल कंपनी, कारण ती कंपनी आहे. आणि आमचा शेजारी किरिको. बुधवारी, म्हणजे राउटर मरायच्या आदल्या दिवशी, मी त्याला आमच्या कुंपणाच्या भिंतीवर चढलेला बघितला होता. हातात पकड होती. मला पाहून तो चक्क लाजला.

"पहिल्यांदा रफेलीन," एर्सिलिया म्हणाली.

रफेलीन दिवाणखान्यात तोंड पाडून बसला होता. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही, एर्सिलियाला मात्र मानाने 'दोन्या' म्हणाला.

"दोन्या एर्सिलिया, तुम्हीच सांगा. यांनी गल्लीभर केलंय की मी चोरीचा माल विकला. दोन्ही राउटर माझ्या दुकानात लावून दाखवले, दोन्ही पळतात. आणखी काय करू, छाती फाडून दाखवू?"

"छाती राहू दे. मला अडाणी बाईला समजेल असं सांग. नवा राउटर लावल्यावर काय करायचं असतं?"

"मॉडेम झोपवायचा. बंद करायचा, थोडं थांबायचं, परत चालू करायचा. या जातीचा मॉडेम एकाच यंत्राशी बोलतो. जागा झाल्यावर ज्याचं तोंड पहिलं बघितलं, तो त्याचा. दुसरं कुणी दारात आलं तर ओळखच देत नाही. झोपून उठला की जुन्याला विसरतो आणि समोर असेल त्याला घरात घेतो."

"म्हणजे जुना राउटर मेला, तरी हा त्याचीच वाट बघत बसणार?"

"झोपवला नाही तर, हो."

"मग झोपवलास का?"

रफेलीनने आता माझ्याकडे बघितलं. "टुलिओमामांनी झोपवला."

"मी घराचा मेन स्विच खाली पाडला," मी म्हणालो. "कॉफी होईपर्यंत तसाच ठेवला आणि मग वर केला. गुरुवारीही केलं, शुक्रवारीही केलं. आणि मी नसतं केलं तरी सरकार करतंच की. लाइट रोज जाते. या देशात मॉडेम झोपवायला कष्ट लागत नाहीत, जागा ठेवायला लागतात."

रफेलीन हसला, मीही हसलो. एर्सिलिया नाही हसली.

"प्लग काढून का नाही बघितला?"

"दोन्या फिलो कपाटापाशी फिरकू देत नाहीत," रफेलीन म्हणाला. "प्लग आहे कपाटामागे, आणि मॉडेम आहे वरच्या लाकडी खोक्यात, मेरीमातेच्या मूर्तीशेजारी. मी शिडी आणली तर म्हणाल्या, 'खालून काय करायचं ते कर.'"

"आमच्या आईची मूर्ती आहे ती," मी सांगितलं. "फार जपते."

एर्सिलियाने मान डोलावली. ती जेव्हा काही न बोलता मान डोलावते, तेव्हा डॉमिनोत माझी शंभरी भरलेली असते.

३

मग तिने युदेल्काला केबल कंपनीला फोन लावायला सांगितला, आवाज मोठा ठेवून. बरीच गाणी ऐकून झाल्यावर एक गोड आवाजाची मुलगी बोलायला आली.

"तुमचा मॉडेम मला इथून व्यवस्थित दिसतोय, सेन्योरा. सिग्नल उत्तम आहे. नवा राउटर लावला असेल तर मॉडेम एकदा बंद करून चालू करा."

"केलाय," मी मागून ओरडलो. "कितीदा करायचा?"

"नाही केलेला, सेन्योर." मुलगी जराही चिडली नाही. "तुमचा मॉडेम डिसेंबरमध्ये चालू झालाय. त्यानंतर तो एकदाही बंद झालेला नाही."

मला हसू आवरेना. मार्च चालू होता. डिसेंबरपासून आमच्या गल्लीत लाइट न जाता एक आठवडा गेला असेल तर शपथ. रफेलीन तर गुडघ्यावर थापा मारायला लागला. "बघा, बघा कशी फेकते."

युदेल्काने मात्र फोन ठेवताना त्या मुलीचे आभार मानले. "फेकत नाहीये ती," ती म्हणाली. "समोर पडद्यावर दिसतं ते वाचतेय. मी पण दिवसभर तेच करते, आणि लोक मलाही असंच हसतात."

"शाबास," एर्सिलिया म्हणाली. "टुलिओ, ठोकलेल्या गाडीचा मालक खोटं बोलतो तेव्हा पटेल असं बोलतो. गाय आडवी आली म्हणतो, आकाशातून नांगर पडला म्हणत नाही. या मुलीला थाप मारायची असती तर तिने वायर खराब आहे म्हटलं असतं. इतकं न पटणारं कुणी बोललं, तर ते बहुधा खरं असतं."

"पण लाइट जाते ती?"

"लाइट जाते तेव्हा तुमचं इंटरनेट जातं का?"

"पूर्वी जायचं," युदेल्का म्हणाली. "आता नाही. नाताळच्या जादा पगारातून मी बॅटरी घेतली ना. तेव्हापासून लाइट गेली तरी माझं काम थांबत नाही." टेबलाखाली तिची काळी बॅटरी होती. तिच्याकडे तिने हात केला. त्या बॅटरीचा तिला फार अभिमान.

एर्सिलिया गुडघ्यावर हात टेकत खाली वाकली. बॅटरीतून एक वायर कॉम्प्युटरला जात होती, दुसरी राउटरला. ती बराच वेळ तिसरी शोधत राहिली.

"आणि मॉडेमला?"

मॉडेम मधली भिंत ओलांडून पलीकडच्या खोलीत, कपाटावर. बॅटरीची एकही वायर तिथे जात नव्हती. राउटर जगवून काही होत नाही, मॉडेम मेला तर इंटरनेट मरणारच, आणि डिसेंबरपासून ते मेलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट, आणि आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आली नव्हती. बॅटरी आली त्याच महिन्यात इंटरनेट जायचं थांबलं, म्हणून आम्ही दोघांचं लग्न लावून मोकळे झालो होतो.

"तुम्ही मेन स्विच पाडता, तो जागा. सरकार लाइट घालवतं, तो जागा," एर्सिलिया उठत म्हणाली. "मग त्याला जेवू कोण घालतंय?"

४

मी शिडी आणायला निघालो. एर्सिलियाने मला हाताला धरून फिलोच्या खोलीत नेलं.

फिलो पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिच्या टेबलावरचा पंखा तिच्या केसांवर वारा घालत होता.

"फिलो, कपाट थोडं पुढे ओढायचंय," एर्सिलिया म्हणाली.

"कशाला?"

"मॉडेमचा प्लग बघायला."

"मूर्ती पडेल."

"मूर्ती आधी खाली उतरवू."

"माझ्या कपाटाला कुणी हात लावायचा नाही." फिलो इतक्या तडकाफडकी बोलली की मी चमकलो. गेले दोन दिवस तिच्याच डोळ्यांसमोर तिची मुलगी रडत होती, आणि ही बाई कपाटासाठी अडून बसली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात एर्सिलिया गोड आवाजात म्हणाली, "बरं, राहिलं." मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "लाइट गेल्यावर रात्री त्रास होत असेल ना उकाड्याचा?"

"होतो. सांगायचं कुणाला?"

बाहेर गॅलरीत आल्यावर एर्सिलियाने मला झुलत्या खुर्चीत बसवलं.

"पूर्वी लाइट गेली की फिलो काय करायची?"

"काय करायची काय? वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. अर्धी गल्ली तिच्या शिव्यांनी जागी व्हायची. पाद्री एकदा म्हणाले होते, ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत तरी या बाईने शिव्या सोडाव्यात."

"आणि आता?"

आता फिलो शिव्या देत नव्हती. मला वाटलं होतं हाड मोडल्यावर बाईची धार गेली. पण हाड मोडलं ऑगस्टमध्ये, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिच्या शिव्या चांगल्या खणखणीत ऐकू येत होत्या, हे मला पक्कं आठवत होतं.

"डिसेंबरात या घरात काय झालं?" एर्सिलियाने विचारलं.

"जे सगळ्यांच्या घरात होतं तेच. रंग दिला. नाताळ आला की भिंती रंगवायच्या. माझ्या हातांनी ब्रश धरवेना, म्हणून किरिको आला मदतीला. फिलोची खोली त्यानेच रंगवली."

"तेव्हा कपाट पुढे ओढलं असेल."

"ओढल्याशिवाय भिंत कशी रंगवणार?"

एर्सिलिया गॅलरीतून उतरून घराच्या कडेने गेली. फिलोच्या खोलीची बाहेरची भिंत निळी आहे, किरिकोची पिवळी, मधे कुंपणाची भिंत आणि तिच्यावर बोगनवेल. ती वळचणीखाली मान वर करून चालत राहिली आणि एका जागी थांबली.

"टुलिओ, इकडे ये. ही वायर तुझ्या भिंतीच्या निळ्या रंगात रंगवलीय. बोगनवेलीतून पलीकडे गेली की तीच वायर पिवळी होते."

५

किरिको मिठागरात वीजतंत्री होता. बायको गेल्यापासून एकटाच राहतो. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. आम्ही गेलो तेव्हा तो त्याच्या गॅलरीत बसला होता आणि शेजारी स्टुलावर आमच्या घरचं मोठं वाडगं होतं, धुऊन पुसून ठेवलेलं. उपासाच्या दिवसांत आमच्याकडे गोड घेवड्याची खीर होते, नारळाचं दूध आणि रताळं घालून. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाठवायची आमची रीत. पण रीत म्हणजे वाटीभर. किरिकोला वाडगं जातं. हे मी एर्सिलियाला जरा कडवटपणेच सांगितलं, कारण त्या वाडग्यापायी माझा वाटा आटला होता. खिरीच्या आधी रविवारचं मटणाचं कालवण जात होतं. डिसेंबरपासून घरात जे काही शिजतं, त्यातलं पहिलं किरिकोला.

"आवडली खीर?" एर्सिलियाने त्याला विचारलं.

"छान होती." उत्तर जरा घाईतच आलं.

"बुधवारी भिंतीवर काय करत होतात?"

"बोगनवेल छाटत होतो."

"पकडीने?"

किरिकोने आपल्या हातांकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले.

"सेन्योर किरिको, तुमच्याकडे मोठा इन्व्हर्टर आहे, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. अंधारात तुमचंच घर उजळलेलं असतं. मला तुमच्याकडून कबुली नको. एक छोटं काम हवंय. आम्ही फिलोच्या खोलीत जाऊन बसतो. थोड्या वेळाने तुम्ही तो इन्व्हर्टर आणि त्याचा मेन स्विच, दोन्ही बंद करा. एक कॉफी पिऊन होईपर्यंत थांबा, परत चालू करा, आणि मग आमच्याकडे या."

"का?" त्याने विचारलं. मग आवाज आणखी खाली गेला. "वाऱ्याने सांधा सैल झाला होता, तो बुधवारी घट्ट केला. माझ्यामुळे काही बिघडलं का हो? युदेल्काचं?"

"तुमच्यामुळेच बिघडलं," एर्सिलिया म्हणाली. "पण वाईट वाटून घेऊ नका. असं बिघडवणारा माणूस प्रत्येक घराला मिळो."

६

फिलोच्या खोलीत आम्ही चौघं जमलो. युदेल्का, रफेलीन, मी आणि एर्सिलिया. पलंगावर फिलो होती आणि ती आमच्याकडे पाहुणे नकोसे झालेल्या यजमानिणीसारखी बघत होती. एर्सिलियाने भर दुपारी खोलीतला दिवा लावायला लावला. तो लागला.

"लाइट आहे ना घरात? सगळ्यांनी बघून घ्या. आता मला काय वाटतं ते सांगते. मॉडेमबद्दल इथे कुणी खोटं बोललं नाही. रफेलीनने औषध बरोबर सांगितलं. टुलिओने ते दिलंय असं त्याला मनापासून वाटलं. कंपनीची मुलगी म्हणत होती की पेशंटने औषध घेतलेलंच नाही, आणि तेच खरं होतं. मेन स्विच पाडला की घर झोपतं. सरकारने लाइट घालवली की गल्ली झोपते. हा कपाटावरचा एकटा झोपत नाही, कारण कपाटामागचा प्लग या घराच्या विजेवर नाहीच."

"मग कुणाच्या?" रफेलीनने विचारलं, आणि तेवढ्यात पंखा थांबला.

खोलीतला दिवा तसाच जळत होता. पंख्याची पाती मंदावत गेली आणि थांबली. मी वर बघितलं. खोक्याच्या जाळीतून जो हिरवा दिवा मी कित्येक महिने जाता येता बघत होतो, तो विझला होता.

युदेल्काने तोंडावर हात ठेवला. स्वयंपाकघरातल्या फ्रीजची घरघर ऐकू येत होती, म्हणजे घरात वीज होतीच.

मग पंख्याने एक गिरकी घेतली. वर एक दिवा लागला, दुसरा लुकलुकायला लागला, तिसऱ्याने बराच वेळ घेतला. रफेलीन ओठांतल्या ओठांत त्याला चुचकारत होता. शेवटी सगळे दिवे स्थिरावले आणि युदेल्का दिवाणखान्यात पळाली.

आम्ही नुसते कान देऊन उभे राहिलो.

"हिरवा," ती तिथूनच म्हणाली. रफेलीन तिच्याकडे गेला, आणि तो आत गेल्यावर मला आठवलं की त्याची माफी मागायची राहिलीय. ती मी नंतर गल्लीत, सगळ्यांच्या देखत मागितली. तो त्याचा हक्कच होता.

किरिको दारात येऊन उभा होता, टोपी हातात घेऊन. त्याने फिलोकडे बघितलंच नाही.

"मी नोव्हेंबरात विचारलं होतं त्यांना," तो एर्सिलियाला म्हणाला. "म्हटलं, माझ्याकडून एक वायर देतो, रात्री पंख्याला. त्या म्हणाल्या, परक्याच्या विजेवर वारा घ्यायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. मग रंगाच्या वेळी कपाट पुढे होतं, आणि... त्यामागच्या बोर्डाला मी माझी वायर जोडली. मला फक्त पंखा माहीत होता. तिथेच मॉडेम पण आहे, हे मी लक्षातच घेतलं नाही."

"फिलो, तुला कळलं तरी होतं का हे?" मी विचारलं.

"माझी कंबर मोडलीय, डोकं नाही," फिलो म्हणाली. "पहिल्याच रात्री कळलं. अख्खी गल्ली काळीठिक्कर आणि माझा पंखा भरभरतोय. तू मेणबत्ती घेऊन यायचास तेव्हा मी तो बंद करायची. तू गेलास की चालू. मॉडेमचं मलाही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, तुम्ही कपाट ओढाल, वायर बघाल, आणि हा टुलिओ किरिकोला जाऊन आभाराचं भाषण देईल, आणि बिचारा लाजून वायर काढून घेईल. माझ्या या हट्टापायी पोरीची नोकरी गेली असती."

"आणि वाडगं?" एर्सिलियाने विचारलं.

"फुकट कसं घेणार?"

किरिकोने पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे ती खीर त्यासाठी होती?" आणि मग, डिसेंबरपासून आत कोंडलेलं बाहेर पडावं तसा तो म्हणाला, "दोन्या फिलो, मला गोड चालत नाही हो. तुमचं मन मोडायचं नाही म्हणून मी संपवत होतो."

मी इतका हसलो की भिंत धरावी लागली. फिलोला हसू येत होतं, पण तिने ते दाबलं. तिने पलंगाच्या कडेवर हात आपटला, म्हणजे तिच्या भाषेत जवळ ये. किरिको गेला. तिने त्याचा हात धरला आणि सोडला नाही.

"का केलंत?" तिने विचारलं.

"मधे फक्त कुंपणाची भिंत आहे. लाइट गेली की तुमचा पंखा थांबायचा, ते मला ऐकू यायचं. मग तुम्ही पुठ्ठ्याने वारा घ्यायचात, त्याचा आवाज यायचा. माझा पंखा चालू असायचा. मला झोप लागायची नाही."

फिलोला कधी रडताना मी बघितलं नव्हतं, आमची आई गेली तेव्हाही नाही. ती त्याचा हात धरून रडली, अजिबात न लाजता. "देव तुमचं भलं करो, किरिको," ती म्हणाली. "मला खूप बरं वाटलं त्या रात्री. रोज रात्री बरं वाटतं. हे आधीच म्हणायला हवं होतं मी."

एर्सिलियाने माझी बाही ओढली आणि आम्ही बाहेर आलो. मी तिला म्हटलं, तुझे उपकार कसे फेडू. ती म्हणाली, संध्याकाळी डॉमिनोला ये. त्या संध्याकाळी मी मनापासून हरलो.

७

सोमवारी युदेल्का वेळेच्या आधीच टेबलाशी बसली. केस बांधले, हेडफोन चढवला, आणि साहेबिणीला नमस्कार केला. साहेबीण म्हणाली, "तू दिसतेस, सगळं ठीक आहे." एवढंच. एवढ्यासाठी आम्ही गुरुवारपासून जीव मुठीत धरून होतो.

वायर तिथेच आहे. किरिकोने ती नीट नळीत घातली, आणि आता तिला रंग द्यायची गरज नाही. मॉडेमचा प्लग मात्र रफेलीनने, किरिकोच्याच विजेवर ठेवून, कपाटामागून समोर, हाताशी आणला. किरिकोकडे आता खारं जातं, तळलेली केळी आणि चीज, आणि तो वाडगं परत करताना काही ना काही घालून पाठवतो. खिरीतला माझा वाटा मला परत मिळाला.

अकराच्या सुमारास लाइट गेली. गल्लीतून नेहमीचा ओरडा झाला. मी गॅलरीत होतो. आतून युदेल्काचा आवाज येत होता, कुणाला तरी पार्सल कुठल्या गोदामात अडकलंय ते सांगत होती, आणि तो थांबला नाही. पलीकडच्या खोलीत पंखा चालू होता. मी देवाचे आभार मानले, मग किरिकोचे, मग त्या गोड आवाजाच्या मुलीचेही, जिच्यावर मी हसलो होतो.

"युदेल्का," फिलोने हाक मारली.

युदेल्काने समोरच्या गिऱ्हाइकाला क्षणभर थांबायला सांगितलं, हेडफोन मानेवर घेतला आणि दारात गेली. "काय गं आई? पाणी हवंय?"

"काही नाही. आहेस का बघितलं."

"आहे," युदेल्का म्हणाली आणि परत कामाला बसली.